'तू' म्हणून गोष्ट सांगताना: द्वितीयपुरुषी कथनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

द्वितीयपुरुषी निवेदन नेमकं कशाला म्हणायचं?

गोष्टीतलं मुख्य पात्र 'मी' नाही, 'तो' किंवा 'ती' नाही, तर 'तू' किंवा 'तुम्ही' असेल तेव्हा. 'तू दार उघडतोस, आत अंधार आहे' अशा वाक्यांनी कथा पुढे सरकते.

इथे एक गल्लत हमखास होते. कथेत कुठेही 'तू' आलं की ती द्वितीयपुरुषी, असं नाही. आईला लिहिलेलं पत्र, मेलेल्या मित्राशी चाललेलं स्वगत, जुन्या कादंबऱ्यांत मध्येच येणारं 'वाचकहो' या सगळ्यात कुणाला तरी हाक आहे, पण गोष्ट बहुतेक वेळा 'मी'ची किंवा तिसऱ्याच कुणाची असते. तपासायची सोपी रीत: कथेतल्या घटना कुणाच्या बाबतीत घडतात ते बघा. पत्रातून 'मी'चा सगळा जीवनक्रम काढून टाकला आणि काहीच उरलं नाही, तर ती प्रथमपुरुषी कथा आहे, फक्त तिला एक ऐकणारा दिलेला आहे. 'मी' काढूनही 'तू'चं चालणं, खाणं, चुकणं जागेवर राहिलं, तर ती द्वितीयपुरुषी. मधले प्रकारही असतात आणि ते बिघडलेले नसतात, पण आपण काय लिहितोय हे लिहिणाऱ्याला ठाऊक असलेलं बरं.

मराठीत हे बाहेरून आलंय का?

आधुनिक कादंबरीतलं तंत्र म्हणून त्याची चर्चा मुख्यतः फ्रेंच, स्पॅनिश आणि इंग्रजी पुस्तकांमुळे झाली. पण 'तू'शी बोलत राहणं मराठीला मुळीच नवं नाही. मनाचे श्लोक २०५ आहेत आणि ऐकणारं आहे स्वतःचंच मन. अभंगात विठ्ठलाला सरसकट अरे-तुरे आहे. जात्यावरच्या ओव्यांत भावाला, लेकीला, जात्यालासुद्धा हाक आहे. कथात्म गद्यात ही सवय फार उतरली नाही, एवढंच. त्यामुळे लिहायला बसलात की कान इंग्रजीकडे लावण्याआधी इकडे लावा.

सुरुवात कुठून करायची?

'तू' कोण म्हणतंय, इथून. या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

इंग्रजीतला 'यू' सैल आहे. तो समोरच्याला उद्देशून असतो, 'कुणीही माणूस' या अर्थीही असतो, आणि त्यातून बोलणाऱ्याचं नातं कळत नाही. मराठीत तसं चालत नाही. 'तू' म्हटलं की वाचणाऱ्याच्या मनात लगेच प्रश्न येतो: हा कोण मला तू म्हणणारा? आई, बायको, बालमित्र, देव, वरिष्ठ, शत्रू, स्वतःचं मन यांपैकी कुणीतरी असायलाच हवं.

चांगदेवाची आख्यायिका इथे नेमकी लागू पडते. ज्ञानेश्वर वयानं लहान, ज्ञानानं मोठे. मग पत्राचा मायना 'चिरंजीव' लिहायचा की 'तीर्थरूप'? ठरेना, म्हणून त्यानं कोराच कागद धाडला, असं सांगतात. उत्तरादाखल आलेल्या ६५ ओव्या म्हणजे चांगदेव पासष्टी. द्वितीयपुरुषी कथा लिहिणाऱ्याची पहिली अडचण तीच आहे. मायना ठरल्याशिवाय पुढचं वाक्य सुचत नाही, आणि सुचलं तरी खोटं वाटतं.

म्हणून कथा सुरू करण्याआधी कागदावर तीन ओळी लिहून ठेवा. बोलणारा कोण? त्याला 'तू' म्हणायचा हक्क कुठून मिळाला? आणि हे सगळं तो आजच का सांगतोय? या ओळी कथेत यायला हव्यात असं नाही. बहुतेक वेळा येऊच नयेत. पण बोलणारा जर नायिकेची मोठी बहीण असेल तर ती 'तू पुन्हा तेच केलंस' असं म्हणेल, आणि बोलणारं तिचंच मन असेल तर 'केलंस ना शेवटी' म्हणेल. फरक दोन शब्दांचा आहे, पण सगळी कथा त्यावर उभी राहते.

'तू', 'तुम्ही' की 'आपण'?

'तू' जवळचं आहे, पण त्यात माया आणि अपमान दोन्ही बसतात. नायक सत्तरीचे निवृत्त मुख्याध्यापक असतील आणि निवेदन त्यांना पहिल्या वाक्यापासून 'तू' म्हणत असेल, तर वाचक अडखळतो. ते अडखळणं तुम्हाला हवं असेल तर उत्तम. मग बोलणारं त्यांचं मन असू शकतं, कारण स्वतःशी बोलताना कुणी स्वतःला अहो-जाहो करत नाही. त्यांची आईही असू शकते. बायको मात्र असेल तर जरा थांबा: त्या पिढीतली बायको 'अहो' म्हणाली असती.

'तुम्ही' अंतर ठेवतं. दवाखान्यातली नर्स, सरकारी कचेरीतला कारकून, विम्याचा एजंट सगळे 'तुम्ही' म्हणतात. त्यामुळे 'तुम्ही'ची कथा थंड, चौकशीसारखी किंवा उपरोधिक होते. 'तुम्ही रांगेत उभे राहता. तुमचा नंबर येतो. खिडकी बंद होते.' हे 'तू'मध्ये सांगितलं तर करुण होईल. 'तुम्ही'मध्ये हसू येतं आणि मग चिडही. एक अडचण लक्षात ठेवा: 'तुम्ही' अनेकांनाही लागू होतं. पहिल्या परिच्छेदात एकच खुर्ची, एकच चप्पल, एकच डबा असं काहीतरी एकवचनी दाखवलं की प्रश्न सुटतो.

'आपण' हा सर्वांत लवचीक आणि सर्वांत निसरडा शब्द. 'आपण जाऊ या' यात तू आणि मी दोघं. 'आपण बसावं' यात आदरार्थी समोरचा. 'आपण नाही बुवा त्या फंदात पडणार' यात चक्क 'मी'. आणि 'आपण घाईत असतो आणि नेमकी तेव्हाच चप्पल तुटते' यात जगातला कुठलाही माणूस. इंग्रजीतल्या सर्वसाधारण 'यू'चं मराठी रूप बहुतेक वेळा हे शेवटचं 'आपण' असतं, 'तू' नव्हे. सगळी कथा 'आपण'मध्ये लिहिली तर एक मजा मिळते: कुठे बोलणारा स्वतःची कबुली देतोय आणि कुठे जगाबद्दल बोलतोय हे शेवटपर्यंत धूसर राहतं. लबाड निवेदकासाठी याहून चांगला शब्द नाही.

आणि हो, मध्येच बदलता येतं. 'तुम्ही'वरून 'तू'वर येणं ही मराठीत एक घटनाच आहे. प्रेमात, भांडणात आणि दारूत ती घडते. ती एकदाच वापरा. दोनदा वापरलीत तर वाचकाला ती टंकलेखनाची चूक वाटेल.

क्रियापदातून लिंग कळतं. वाचक स्त्री असो वा पुरुष, 'तू' त्याला लागू व्हावं यासाठी काय करायचं?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. इंग्रजीत हा उद्भवतच नाही; आपल्याकडे 'तू जातोस' म्हटलं की अर्ध्या वाचकांना दार बंद. आधी हे ठरवा की लिंग लपवायची गरज खरंच आहे का. 'तू' म्हणजे एक ठरावीक पात्र असेल, तर बेलाशक 'जातेस' लिहा. पुरुष वाचकही दोन पानांत तिच्या चपलांत पाय घालतो. लपवायचंच असेल तर शाळेतले प्रयोग आठवा. कर्तरी प्रयोग लिंग उघड करतो, कर्मणी ते कर्माच्या आड लपवतो, भावे त्याची वासलात लावतो.

'तू गेलास / गेलीस' यात उघड. 'तू दार उघडलंस', 'तू चपला घातल्यास', 'तू पत्र फाडलंस' यात काहीच कळत नाही, कारण क्रियापद दार, चपला आणि पत्राच्या मागे चाललंय. 'तू मांजराला हाकललंस' हा भावे, तोही सुरक्षित.

इथे एक गमतीशीर खाच आहे. 'तू चहा घेतलास' हे वाक्य बाईलाही म्हणतात, कारण 'घेतलास' चहाचं आहे. 'तू पिशवी उचललीस' पुरुषालाही म्हणतात. पण 'तू चहा प्यायलास' म्हटलं की तो पुरुषच, कारण पिणे सकर्मक असूनही भूतकाळात कर्त्याच्या मागे जातं. असेच दगाबाज आणखी काही: विसरणे, शिकणे, बोलणे, भेटणे. 'तू नाव विसरलास / विसरलीस.' आणि जोडीतला सर्वांत उपयोगी फरक म्हणजे 'तू म्हणालास / म्हणालीस' उघड, तर 'तू म्हटलंस' बंद. दोन्हीचा अर्थ एकच.

लिंग न दाखवणारी बाकीची रूपं हाताशी असू द्या:

- भविष्य: 'तू जाशील', 'तू जाणार आहेस'.
- आज्ञा आणि विध्यर्थ: 'ऊठ', 'तू जावंस'.
- लेखी चालू वर्तमान: 'तू जात आहेस'. बोलीतलं 'जातोयस / जातेयस' मात्र उघड.
- वर्तमानातला नकार: 'तू जात नाहीस'. भूतकाळात 'गेला नाहीस' म्हटलं की उघड, पण 'फोन केला नाहीस' पुन्हा बंद.
- 'तुला'ची सगळी वाक्यं: 'तुला भूक लागते', 'तुला आठवतं', 'तुला निघायचंय'.
- अवयवाला कर्ता करणं: 'तुझा हात कडीकडे जातो'.
- 'तुम्ही'चा साधा वर्तमानकाळ: 'तुम्ही जाता'. भूतकाळातलं 'गेलात'ही दोघांना चालतं, जरी बाईला 'गेल्यात' म्हणणारे लोक आहेत.

फसवणाऱ्या जागा: सवयीचा भूतकाळ ('तू भाकरी करायचास / करायचीस' सकर्मक असूनही उघड), 'होतास / होतीस', 'एकटा / एकटी', 'उभा / उभी', 'थकलेला / थकलेली'. यांना पर्याय शोधावा लागतो. 'उभा आहेस' ऐवजी 'खांबाला टेकून आहेस', 'थकलास' ऐवजी 'थकवा आलाय'. गप्प, हुशार, बेचैन, आजारी, खूश अशी न बदलणारी विशेषणं उपयोगी पडतात. संबोधनात 'अरे', 'अगं', 'रे', 'गं' टाळावे लागतील, आणि तिथे कथेची थोडी ऊब जाते. हा तोटा खरा आहे. दोन हजार शब्दांच्या वर लिंग लपवत राहिलं की भाषा कुबड्या घेऊन चालल्यासारखी वाटायला लागते, हे आमचं स्पष्ट मत. त्याहून लांब लिहायचं असेल तर लपवण्याला कथेतच कारण हवं.

कोणत्या काळात लिहावं?

बहुतेक जण वर्तमानकाळ घेतात, कारण इंग्रजीत तसं वाचलेलं असतं. चालतो. पण क्रिकेटच्या समालोचनासारखा होण्याचा धोका असतो: 'तू उठतोस, तू चालतोस, तू बघतोस'.

भूतकाळ मराठीत फार जोरदार लागतो. 'तू काय केलंस' हे सांगणारा माणूस एक तर आरोप करत असतो, नाहीतर तू विसरलेलं काहीतरी आठवून देत असतो. दोन्हीमध्ये आपोआप ताण येतो.

भविष्यकाळ फार कमी जण वापरतात. 'तू परत येशील. दार उघडंच असेल.' हा ज्योतिषाचा, शापाचा, कधी आईच्या धमकीचा सूर आहे. मेक्सिकोच्या कार्लोस फुएन्तेस यांनी १९६२ साली 'आउरा' ही छोटी कादंबरी 'तू'मध्ये, वर्तमान आणि भविष्य मिसळून लिहिली. नायक स्वतः निर्णय घेतोय असं वाटतं, पण भविष्यकाळाची क्रियापदं सांगत राहतात की सगळं आधीच ठरलेलं आहे. मराठीत 'शील'चा प्रत्यय हे काम आणखी सहज करतो आणि वर लिंगही झाकतो.

प्रत्येक वाक्यात 'तू' येतंय. कंटाळवाणं होतंय.

कारण तुम्ही मनातल्या मनात भाषांतर करताय. मराठी क्रियापदाच्या शेपटीतच 'तू' असतो. 'उठतोस' म्हटलं की कोण उठतो ते कळलं. एक तुकडा घेऊन बघू.

कच्चा खर्डा: 'तू कुर्ल्याला उतरतोस. तू पाहतोस की पाऊस पडत आहे. तू तुझी छत्री उघडतोस. तू विचार करतोस की तुला घरी जायचं नाही.'

यात चार वाक्यांत सहा वेळा 'तू' आणि त्याची रूपं. 'पाहतोस की', 'विचार करतोस की' ही मधली फडकी आहेत. ती काढली की पाऊस थेट दिसतो. 'तू तुझी छत्री' तर मराठीच नाही. छत्री दुसऱ्याची असेल तेव्हाच सांगायचं.

दुसरा खर्डा: 'कुर्ला. उतरतोस. पाऊस आहेच. छत्री उघडावी तर एक काडी मोडकी, परवापासून दुरुस्तीला टाकायचीय. पाय घराकडे वळत नाहीत.'

इथे 'तू' एकदाही नाही, तरी सगळं त्याच्याच बाबतीत चाललंय. आता बोलणारा कोण ते ठरवून, भूतकाळात:

'कुर्ल्याला उतरलास. पाऊस होता, छत्रीही होती. तरी सव्वा तास पुलाखाली उभा राहिलास. घरी काय सांगितलंस? गाडी लेट होती.'

घटना तीच, पण आता कुणीतरी त्याला पकडलंय. तिसरा खर्डा दुसऱ्यापेक्षा चांगला आहे, कारण त्यात 'तू' म्हणणाऱ्याला एक हेतू आहे.

ठोकताळा हवा असेल तर: साधारण अडीचशे शब्दांच्या पानावर उघडा 'तू' सहा-सात वेळांपेक्षा जास्त दिसला तर पेन्सिल घेऊन बसा. जिथे दोन माणसांत गोंधळ होईल किंवा जिथे बोट रोखायचं असेल तिथेच तो ठेवा.

पात्राची माहिती कशी द्यायची? जे त्याला ठाऊकच आहे ते त्यालाच कसं सांगणार?

'तुझं नाव सुनील. तू ४२ वर्षांचा आहेस. तुझे वडील १९९८ साली वारले.' हे वाचून कुणालाही वाटेल की सुनीलची स्मृती गेलीय. (खरंच गेली असेल तर वाक्यं बरोबर आहेत.)

माहितीला काम द्या. 'वडील गेले तेव्हाही तू आला नाहीस. अठ्ठ्याण्णव साली गाडी बंद होती म्हणे.' यात वर्ष आलं, मृत्यू आला, खोटं बोलण्याची सवय आली आणि बोलणाऱ्याचा रागही. नाव दुसऱ्याच्या तोंडून हाकेत येऊ द्या. वय एखाद्या फॉर्मच्या रकान्यात भरलं जाऊ द्या. रूपाचं वर्णन शक्यतो टाळाच. 'तुझे डोळे घारे आहेत' म्हटलं की काळ्या डोळ्यांचा वाचक बाहेर पडतो, आणि बदल्यात कथेला काही मिळत नाही.

संवादात इतर पात्रंही 'तू' म्हणतात. गोंधळ होतो.

होतो. अवतरणचिन्हं सोडू नका, हा पहिला उपाय. 'तू'च्या कथेत ती गाळण्याची हौस महागात पडते. दुसरा उपाय मराठीनं फुकट दिलाय. निवेदक 'तू' म्हणत असेल तर ऑफिसातल्या लोकांना 'तुम्ही' किंवा 'सर' म्हणू द्या, शेजारच्या पोराला 'काका' म्हणू द्या. मग प्रत्येक आवाज वेगळा ऐकू येतो आणि त्या माणसाची जगातली पायरीही कळते: घरात कोण, कचेरीत कोण, स्वतःच्या मनात कोण. तिसरं म्हणजे नायकाची स्वतःची वाक्यं कमी ठेवा. 'तू म्हणतोस, "मी येतो"' अशी वाक्यं लागोपाठ आली की 'तू' आणि 'मी' एकमेकांत अडकतात. 'येतो म्हणून सांगतोस' असं लिहिलं की सुटतं.

सूचनांच्या किंवा पाककृतीच्या रूपात कथा लिहिता येते का?

येते, आणि मराठीत तर फारच छान येते. मोहसीन हमीद यांनी २०१३ साली श्रीमंत कसं व्हावं हे शिकवणाऱ्या पुस्तकाचं रूप घेऊन अख्खी कादंबरी 'यू'मध्ये लिहिली. आपल्याकडे जुनी पाककृती 'तू' किंवा 'तुम्ही'सुद्धा म्हणत नाही: 'कांदा बारीक चिरून घ्यावा. तेलात टाकावा. रंग बदलेपर्यंत हलवत राहावा.' या विध्यर्थात करणारा माणूस अदृश्य आहे. त्याच सुरात 'सासूबाई आत येईपर्यंत डोळे पुसावेत. कांद्यावर ढकलावं' असं लिहिलं की एक बाई दिसायला लागते, तिला एकदाही हाक न मारता. सुरुवातीच्या पाच-सहा सूचना खरोखर बरोबर असू द्या. प्रमाण, आच, वेळ सगळं. स्वयंपाक खोटा असेल तर रडणंही खोटं वाटतं. आणि कथा जसजशी बिनसते तसतसं विध्यर्थावरून आज्ञार्थावर या: 'घ्यावा'चं 'घे' होऊ द्या.

किती लांब लिहावं?

पहिला प्रयत्न दीड ते तीन हजार शब्दांत संपवा. कादंबरी जमते, पण तिला दम खायला जागा लागते. एन. के. जेमिसिन यांच्या 'द फिफ्थ सीझन'ला २०१६ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. त्यात एकाच धाग्याची प्रकरणं द्वितीयपुरुषी आहेत, बाकीची तृतीयपुरुषी, आणि हे 'तू' कोण म्हणतंय याचा उलगडा उशिरा होतो.

वाचताना चीड येते. 'मी असं कधीच करणार नाही' असं वाटत राहतं.

ते वाटणं वाचनाचाच भाग आहे. 'तू' म्हणजे मी, असं धरून बसलं की प्रत्येक वाक्याशी भांडण होतं. त्याऐवजी दुसऱ्याला बोलताना आपण भिंतीपलीकडून ऐकतोय अशी बैठक घ्या. मग लक्ष बोलणाऱ्याकडे जातं: याला एवढं कसं माहीत? कुठली गोष्ट तो पुन्हा पुन्हा सांगतोय? कुठल्या वेळेबद्दल गप्प आहे? द्वितीयपुरुषी कथेत निवेदकाचं नाव क्वचितच असतं, पण त्याचा स्वभाव प्रत्येक क्रियापदात सांडलेला असतो. 'पडलास' म्हणणारा आणि 'पडलास ना' म्हणणारा एक नव्हेत.

मोठ्यानं वाचून बघणं उपयोगी. छापील पानावर खटकणारा 'तू' कानाला बरेचदा सरळ वाटतो, कारण दिवसभर आपण तो ऐकतच असतो. लिहिणाऱ्यांनीही हीच चाचणी लावावी, शक्यतो दुसऱ्याकडून वाचून घेऊन.

चीड तरीही गेली नाही, तर दोष कथेचा असू शकतो. निवेदक वाचकाच्या भावना परस्पर ठरवत असेल ('तुला हुंदका फुटतो, तुला सगळं समजतं') तर वाचक बरोबरच नाराज आहे.

इंग्रजी 'यू'ची कथा मराठीत आणताना काय निवडायचं?

मूळ लेखकानं निवड केलेलीच नसते, तुम्हाला करावी लागते. इथे फ्रेंच कादंबऱ्या बघण्यासारख्या आहेत, कारण तिथेही आपल्यासारखीच दोन रूपं आहेत. मिशेल ब्यूतोर यांच्या १९५७ सालच्या 'ला मोदिफिकासियों'मध्ये पॅरिसहून रोमला आगगाडीनं निघालेल्या मध्यमवयीन माणसाला निवेदन 'तुम्ही' म्हणतं. जॉर्ज पेरेक यांच्या १९६७ सालच्या झोपाळू विद्यार्थ्याच्या कादंबरीत 'तू' आहे. इंग्रजीत गेल्यावर दोन्ही 'यू' होतात आणि हा फरक पुसला जातो. म्हणून अशी पुस्तकं इंग्रजीवरून मराठीत आणणाऱ्यानं मुळात कुठलं रूप होतं ते आधी शोधावं.

मूळच इंग्रजी असेल तर प्रत्येक 'यू' वेगळा तपासा. पात्राला उद्देशून असेल तिथे 'तू' किंवा 'तुम्ही'. 'कुणीही' या अर्थी असेल तिथे 'आपण', 'माणूस' किंवा कर्त्याशिवाय वाक्य. सगळीकडे 'तू' घातलं की मराठी कथा उगाच कुणावर तरी खेकसल्यासारखी होते.

वाचकानं पुढचं वळण निवडायचं अशा कथांसाठी किंवा खेळांसाठी?

'तुम्ही' आणि वर्तमानकाळ घ्या, लिंग आपोआप बरंचसं झाकलं जातं. पर्याय आज्ञार्थात: 'जिना चढा', 'परत फिरा'. वर दिलेली यादी इथे रोज लागते, विशेषतः निवडीचा परिणाम सांगताना. 'तुम्ही घाबरलेले आहात' ऐवजी 'घशाला कोरड पडते'. आणि एक पथ्य: वाचकानं न निवडलेली कृती त्याच्या नावावर लिहू नका. 'जिना चढा' निवडल्यावर 'तुम्ही जिना चढता आणि म्हाताऱ्याला ढकलता' असं आलं तर तो परत येत नाही.

'केलंस' लिहावं की 'केलेस'?

एक धरा आणि शेवटपर्यंत ठेवा. 'तू'ची कथा बोलण्याच्या सुरात असते, म्हणून आम्ही 'केलंस', 'उघडलंस' सुचवतो. त्याला व्यावहारिक कारणही आहे: 'केलेस' हे पुल्लिंगी अनेकवचनाचंही रूप आहे. 'लाडू केलेस' आणि 'काम केलंस' यातला फरक कानाला लगेच कळतो, पण 'काम केलेस' लिहिलं की डोळा क्षणभर लाडू शोधतो. संपादकाकडे पाठवताना वर एक ओळ टाका की ही रूपं मुद्दाम आहेत. नाहीतर मुद्रितशोधनात अर्धी बदलून येतात, अर्धी तशीच राहतात.